फलाटभर पसरलेला काढा

"तीन महिने! फक्त तीन महिने माझा काढा घे, मग ती डॉक्टरीणबाईच माझ्याकडे शिकायला येते की नाही बघ!"

सासूबाईंनी ही घोषणा केली तेव्हा पातेल्यात मेथ्या, दालचिनी, जवस, शतावरी आणि कुठल्याशा झाडाची साल एकमेकांच्या नावाने बोटं मोडत उकळत होती. सुनेला पीसीओएसचा त्रास. पाळी मनात आलं तर यायची, नाहीतर महिनोन्‌महिने तोंड दाखवायची नाही. मूल तर हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, रोज चालायला सांगितलं होतं आणि बजावलं होतं, "दुसरं काहीही घ्यायचं असेल तर आधी विचारा." सासूबाईंनी लगेच स्वतःलाच विचारलं. परवानगी मिळाली!

सून बसस्थानकावर चौकशीच्या खोलीत बसून घोषणा करायची. आवाज इतका गोड की, गाडी रद्द झाली असं तिने सांगितलं तरी लोकांना आपलं अभिनंदन झाल्यासारखं वाटायचं. सासूबाईंपुढे मात्र हाच आवाज घशात दडून बसायचा. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, हीच तर अडचण! वाईट सासूला तोंडावर नाही म्हणता येतं. फुंकर घालून, मायेने पेला पुढे करणाऱ्या सासूला काय म्हणणार? सून पेला घ्यायची, "गार झाला की पिते, आई," म्हणायची आणि मोरीत ओतायची.

आता थोडं माइकविषयी. त्याचं बटण सैल झालं होतं. बोलून होईपर्यंत दाबून धरावं लागे. दुरुस्तीचा अर्ज कंट्रोलरसाहेबांच्या टेबलावर लोणच्यासारखा मुरत होता. म्हणून सून बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खोचायची, घोषणा करायची आणि काडी उपसायची. कधी विसरली नाही. त्या दिवशी विसरली!

झालं असं, की "फलाट तीनवरच्या प्रवाशांनी सामान सांभाळावं," हे सांगून होतं न होतं तोच तिकीट खिडकीवरची तिची मैत्रीण आत आली.

"काय गं, आज काढ्याचा थर्मास नाही?"

"विसरले. म्हणजे मुद्दाम विसरले."

"चव तरी कशी असते त्याची?"

"ओल्या गोणपाटाचा अर्क काढून त्यात कुणी पाय धुतले तर येईल तशी!"

"मग पितेस कशाला?"

"पितंय कोण? मोरी पिते! आता तिलाच दिवस जायचे बाकी आहेत!"

दोघी पोट धरधरून हसल्या. हसता हसता मैत्रिणीची नजर काचेबाहेर गेली आणि तिचं हसू तिथेच वाळलं. सगळा फलाट माना वर करून कर्ण्याकडे बघत हसत होता. फक्त एका बाकावरची बाई हसत नव्हती. सासूबाई! सून विसरली म्हणून थर्मास घेऊन आलेल्या.

"अगं, काडी!" एवढं म्हणून मैत्रीण अशी पळाली की, तिची चप्पल मागून गेली.

सून काडीला हात घालेपर्यंत सासूबाई आत आल्या, दाराला कडी घातली आणि नेमका बटणावरच थर्मास आदळला.

"असू दे चालू! तुझं सगळ्यांनी ऐकलं, आता माझंही ऐकू दे! मी पहाटे उठून उकळते आणि तू मोरीत ओततेस?"

"आई, हळू..."

"का हळू? सांग ना सगळ्यांना, म्हातारी विष पाजते म्हणून!"

"आजी बरोबर बोलतायत!" बाहेरून एक ड्रायव्हर ओरडला.

"तू गाडी हाक! सुनेला बोलू दे!" एक प्रवासी बाई त्याच्यावर खेकसली.

गाडी लागली होती, पण चढतंय कोण? कंट्रोलरसाहेब काचेवर मूठ आपटत होते. कर्ण्याच्या गोंगाटात त्यांचा आवाज आत येत नव्हता, त्यामुळे ते बुडत असल्यासारखे दिसत होते.

"आई, मूल मलाही हवंय," सून म्हणाली. आवाजातला गोडवा कुठल्या कुठे गेला होता. "तुमच्यापेक्षा जास्त हवंय! म्हणून डॉक्टरीणबाईंचं ऐकतेय. तुमचं मन मोडवेना म्हणून खोटं बोलले. आता नाही बोलणार. मी काढा घेणार नाही."

सासूबाई क्षणभर गडबडल्या. मग छाती पुढे काढून म्हणाल्या, "अगं, माझ्या सासूबाईंचा काढा आहे हा! मी स्वतः सहा वर्षं न चुकता प्यायले!"

चौकशीच्या खिडकीतून एका म्हातारीने डोकं आत घातलं. "मग? सहा वर्षांत गुण आला का?"

सासूबाई थर्मासचं झाकण उगाच फिरवू लागल्या. कर्ण्यातून नुसती करकर ऐकू आली.

"माझ्या सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या," त्या अखेर पुटपुटल्या, "आणि काढा बंद झाला. मग... मुलगा झाला."

फलाट असा हसला की, पत्रे वाजले! सासूबाई खुर्चीत टेकल्या. सुनेकडे बघून हळूच म्हणाल्या, "मलाही तो घशाखाली उतरायचा नाही गं. पण ओतून द्यायचं सुचलंच नाही मेलं!"

त्यांनी थर्मास उचलला, काडी उपसली. "गोळी वेळेवर घेतेस ना?"

"घेते, आई."

"बास मग."

सून खिडकीकडे वळली. बाहेर बायकांची ही रांग!

"बोला, कुठली गाडी?"

"गाडी राहू दे," पहिली म्हणाली. "काढ्यात साल कुठल्या झाडाची घालायची?"

"अहो, गुण येत नाही म्हणून आत्ताच ऐकलंत ना!"

"ऐकलं की! पण कुणी उगाच सहा वर्षं पिईल का?"