एकही कॉल चुकणार नाही

“उचलू नको! वाजू दे!”

हा आवाज गुरुलिंगच्या वडिलांचा, धोंडप्पांचा. तीस वर्षांपूर्वी घरात काळा फोन आला, वाजला, आणि दहा वर्षांच्या लेकानं धावत जाऊन हात पुढं केला, तेव्हा तव्यापलीकडून आलेला. वडीलधाऱ्यांची आज्ञा त्यांच्या हयातीत पाळावी आणि त्यांच्या पश्चात सुधारून घ्यावी, हा जगाचा नियमच आहे.

सोलापुरात गुरुलिंगचं कडक भाकरीचं दुकान आहे. आस्थापनेवर मनुष्यबळ दोन : पत्नी महानंदा (पीठ मळणे, भाकरी थापणे, भाजणे, वाळवणे, बांधणे) आणि स्वतः गुरुलिंग (व्यवस्थापन). रोज सकाळी व्यवस्थापन विचारी, “आज किती?” महानंदा म्हणे, “दीडशे.” आणि संध्याकाळी मोडनिंबपासून टेंभुर्णीपर्यंतच्या गिऱ्हाइकांत दीडशे बरोबर खपत. हा आपल्या नावाचा महिमा, असं व्यवस्थापनाचं मत होतं. महानंदा मत देत नसे. ती थापता थापता गुणगुणे :

पहिली थाप माझी, धरित्रीच्या पोटाला
दुसरी थाप माझी, वाटसराच्या ओठाला

(ओवी दोनच ओळींची. तिसरीपर्यंत तवा थांबत नाही.)

फोन आता मोबाईल झाला होता, पण राही पिठाच्या डब्यावरच, महानंदाच्या नजरेसमोर. एकदा गुरुलिंगनं तो सहज हातात घेतला. एका दिवसाचे मिस्ड कॉल अडतीस! म्हणजे रोज अडतीस गिऱ्हाइकं दारातून परत. वर्षाला तेरा हजार आठशे सत्तर. एवढ्या माणसांत नगरपंचायत उभी राहते. त्याच दिवशी त्यानं क्लाउड फोन घ्यायचं ठरवलं. क्लाउड फोन म्हणजे असा फोन, जो आपल्या घरात नसतो, पण आपल्या नावानं कुणाशीही बोलतो.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं पारखून घ्यावं, हे शहाणपण गुरुलिंगकडं होतं. ज्वारी घेताना तो पोत्याच्या तळातली मूठ काढून दाताखाली धरी. तीन कंपन्यांचे तीन प्रतिनिधी आले, तिघांनाही तो म्हणाला, “वरचं ऱ्हाऊ द्या. तळातलं दाखवा.” पहिल्यानं बारीक अक्षरातल्या अटी दाखवल्या; त्या दाताखाली धरण्याजोग्या नव्हत्या. दुसऱ्याचा फोन मराठीत आणि कन्नडमध्ये बोलत होता, पण दोन्हीत सारखाच रागावलेला वाटे. तिसरा म्हणाला, “साहेब, एका वेळी शंभर माणसं ताटकळत ठेवता येतात.”

दुकानात एका वेळी चाराच्या वर माणूस कधी ताटकळलं नव्हतं. गुरुलिंगला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. शिवाय कंपनीची लेखी हमी होती : एकही कॉल चुकणार नाही.

खातेवाटप पुढीलप्रमाणे झालं. नव्या मागणीसाठी एक दाबा (महानंदा). जुन्या मागणीसाठी दोन (महानंदा). तक्रारीसाठी तीन (महानंदा, हात पिठात असल्यास नंतर प्रयत्न करावा). व्यवस्थापनाशी बोलण्यासाठी नऊ.

एकवीस दिवसांनी अहवाल आला. आलेले कॉल सातशे अठ्ठ्याण्णव, उचललेले सातशे अठ्ठ्याण्णव, चुकलेले शून्य. सरासरी संभाषण दोन सेकंद. एक दाबणारे कुणी नाही. नऊ दाबणारा एक. (तो गुरुलिंग स्वतः. दुसऱ्या फोनवरून त्यानं स्वतःला लावून पाहिलं. तो व्यस्त होता.) कंपनीनं अभिनंदन केलं आणि वर्षाचा करार पाठवला.

भाकरी मात्र दीडशेवरून अकरावर आली होती. असंच चाललं तर सणापर्यंत तवा पालथा घालावा लागणार होता. गुरुलिंगनं दोष ज्वारीला दिला आणि करारावर सही करायला पेन उघडलं. तेवढ्यात मोडनिंबच्या ढाब्याचा महिपती दारात उभा राहिला. हातात स्टीलचा डबा. तो पोत्यावर बसला आणि त्यानं तीनदा सुस्कारा सोडला.

“लई वाईट झालं, गुरुअण्णा. वैनी कवा गेल्या?”

“कुटं गेल्या?”

“आता लपवून काय उपेग? वीस वर्सं मी हितं रिंग देतुया, कुणी उचलला न्हाय. आन त्या दिशी पैल्याच रिंगला बाई बोलली, ‘आपलं हार्दिक स्वागत आहे.’ तवाच समजलो. वैनी गेल्या, तुमी दुसरी केली. शिकलेली दिसती. रोज लावून बगतुया, पर मी काय बी बोललो तरी आपलंच म्हनती की!”

त्यानं डबा पुढं सारला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी आणली होती. (भाकरीच्या दुकानात बाहेरून भाकरी आल्याची ही पहिलीच नोंद.) “टेंभुर्णीची मंडळी बी निगाल्यात,” तो म्हणाला.

तेवढ्यात महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. महिपतीनं आधी हात जोडले, मग तिच्या पायांकडं नीट पाहिलं, मग पाणी प्याला.

“आवो मग भाकरी का मागवली न्हाय?” गुरुलिंग ओरडला.

“थापनारीच गेली म्हटल्यावर कुनाची मागवू?”

गुरुलिंग बायकोकडं वळला. “रिंगचं तुला ठावं हुतं?”

“व्हय. एक रिंग म्हंजी तीन भाकरी, दोन रिंगा सहा. तीन रिंगा म्हंजी घरात लगीन.”

“आन मला का न्हाय सांगितलं?”

“मामंजींनी बजावलं हुतं. ‘गुरूला सांगू नको. त्यो उचलंल, आन बोलत बसंल.’”

व्यवस्थापनानं पेन मिटलं.

“बरं, ते ऱ्हाऊ दे. धंदा बुडताना एकवीस दिस बघत बसलीस! चौथ्या दिशी तरी बोलायचं की!”

रिंगांचं गणित सुज्ञ वाचकांनी बरंच आधी ओळखलं असेल. मनुष्यबळाच्या यादीत एका नावापुढं पाच कामं आणि दुसऱ्यापुढं एक, हेही त्यांनी टिपलं असेल. तिथं ते हसले आणि पुढं गेले.

महानंदानं दोन्ही तळवे समोर धरले. भाकरी भाजली का ते बघावं, तसे उलटे-सुलटे करून पाहिले.

“बोलनारच हुते,” ती म्हणाली. “पर चौथ्या दिशी हात दुखायचं थांबलं. लगीन झाल्यापासनं पैल्यांदा. म्हटलं, वाजू दे आजून थोडं.”