न दिसणारं बटण

"बटण दिसत नाही," चष्म्याच्या दुकानाचे मालक सकाळपासून चौथ्यांदा फोनवर म्हणाले. "बाकी वेबसाइट झकास. पण 'डोळे तपासायची वेळ घ्या' हे बटण माझ्या मोबाइलवर नाही म्हणजे नाही. पाचपर्यंत दिसलं नाही, तर काम भाच्याला देतो."

नोकरी सोडल्यानंतरचं वेबसाइटवाल्याचं हे पहिलंच काम होतं.

त्याच्या मोबाइलवर बटण ठळक दिसत होतं. बायकोच्या लांबुडक्या मोबाइलवर दिसत होतं, आईच्या तडा गेलेल्या मोबाइलवरही. तरी त्याने ते वर नेलं. आईच्या मोबाइलवर ते थेट दुकानाच्या नावावर जाऊन बसलं. नाव खाली सरकवलं, तर बायकोच्या मोबाइलवरून पत्ता गायब.

"माझा फोन दे रे, मावशीशी बोलायचंय," आई म्हणाली.

"दोन मिनिटं, आई."

"तुझी दोन मिनिटं नऊ वाजता सुरू झालीत."

साडेचारला तिन्ही मोबाइल पिशवीत कोंबून तो दुकानाकडे पळाला. आपल्या फोनसाठी बायकोही मागोमाग निघाली. मावशीमुळे पिशवी वाटभर वाजत होती.

मालकांशी आजवरचं सगळं बोलणं फोनवरच झालं होतं. आता त्यांनी आपला मोबाइल हात लांब करून धरला, मग आणखी लांब, शेवटी मानही मागे नेली. "कुठंय?"

मागच्या भिंतीवर दोनेकशे चष्मे होते. मालकांच्या नाकावर एकही नव्हता.

"अहो काका, तुम्हाला चष्..." बायकोने तोंड उघडलं आणि वेबसाइटवाल्याने तिच्या पायावर पाय दिला. चष्मेवाल्याला नंबर लागलाय, हे त्याला तोंडावर कोण सांगणार? काम तिथल्या तिथे गेलं असतं.

"थोडं मोठं करतो," तो म्हणाला. तिथेच स्टुलावर बसून त्याने बटण दुप्पट केलं. मग चौपट. मग लाल.

"हे लाल काय आलं मध्येच?" म्हणत मालकांनी त्यावर अंगठा टेकवला.

चाचणीसाठी वेबसाइटवाल्याने त्यात मालकांचंच नाव भरून ठेवलं होतं. मोबाइल टिंग वाजला. मालकांना वाचता येईना, म्हणून त्यालाच वाचून दाखवावं लागलं.

"तुमचे डोळे तपासायची वेळ आज पाच वाजता नक्की झाली आहे. जुना चष्मा असल्यास... सोबत आणावा."

घड्याळात पाचच वाजत होते. वेबसाइटवाल्याने डोळे मिटून घेतले.

मालकांनी दाराकडे पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं. मग सगळ्यात खालचा खण ओढून कागदांच्या तळातून एक चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि नाकावर चढवून मोबाइलकडे पाहिलं.

"अरे बापरे, केवढं हे बटण!" ते दचकून म्हणाले. "आधी लहान करा. लोकांना वाटेल, दुकानदाराला दिसत नाही."