सिद्धम्माच्या गोळ्या आणि मुनिमांचा होकार

फॉर्मवर फोन नंबर कुणाचा टाकायचा, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यावरून पुढचं सगळं रामायण घडलं.

आडत्यांच्या पतसंस्थेनं त्या वर्षी मुनीम-हमालांच्या घरच्यांसाठी आरोग्य योजना काढली. पंचाक्षरी मुनिमांच्या घरून सभासद झाली त्यांची बायको सिद्धम्मा. कारण साखर तिला, बीपी तिला, गुडघेही तिचेच गेलेले. मुनिमांना आजार एकच, बोलण्याचा, आणि तो कुठल्याच योजनेत बसत नाही.

"माझा नंबर टाका की. फोन हाय माझ्याकडं," सिद्धम्मा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? मी बोलून घेतो."

योजनेच्या लातूरच्या हापिसात बिराजदार मॅडम म्हणून केअर मॅनेजर होत्या. कोणत्या सभासदाचे डॉक्टर किती, गोळ्या कोणत्या, तपासणी कधी, हे एका जागी जुळवायचं आणि एका डॉक्टरचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. दर मंगळवारी अकराला मुनिमांच्या नंबरावर त्यांचा फोन यायचा.

अकरा म्हणजे अहमदपूरच्या मोंढ्यात धान्याच्या सौद्याची वेळ. त्या दुष्काळात मोंढ्यात पोतं दिसत नव्हतं, हमाल काट्यावर झोपा काढत होते, मग सौदा कशाचा? नव्या जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा होणार, आपण तिकडं जाणार का लातुरातच राहणार, यावर मुनीम हातवारे करकरून भांडायचे. (प्यायला पाणी न्हाई, पण ते कोणत्या कलेक्टरला सांगायचं याची चिंता मोठी.)

तीस वर्षांच्या सौद्यानं मुनिमांच्या जिभेला एक वळण लागलं होतं. पुढच्याचं पुरतं ऐकत बसायचं नाही, 'हाव' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पोत्याच्या बाबतीत ते खपून जातं.

"गोळ्या वेळेवर घेतात ना ताई?"

"हाव."

"डॉक्टर एकच आहेत ना?"

"हाव." (होते दोन. एक योजनेचे, लातूरचे. दुसरे गावातले धोंडप्पा डॉक्टर, सोयऱ्यातले. त्यांना सोडलं तर लग्नात पंगतीला कुणी शेजारी बसवून घेतलं नसतं.)

"चक्कर वगैरे येत नाही ना?"

"हाव, हाव."

"मग पुढच्या मंगळवारी लातूरला तपासणी ठरवते."

इथं मात्र मुनीम सविस्तर बोलले. "जरा दम धरा मॅडम. जिल्हा होऊन राहिला. मोठा दवाखाना जवळच येईल, मग बघू."

घरी सिद्धम्मा सांगायची, "चक्कर येऊन राहिली. घाम सुटतो, हातपाय कापतात. मॅडमला विचारा की."

"विचारलं. ऊन हाय म्हणाल्या. साऱ्या गावाला येऊन राहिली चक्कर."

मॅडम असं काही म्हणाल्या नव्हत्या. मुनिमांनी विचारलंच नव्हतं.

मग एकदा नऊ दिवसांनी टँकर आला. सिद्धम्मा रांगेत उभी राहिली आणि घागरीसकट खाली कोसळली. शेजारच्या केवळाबाईनं मुनिमांना चार वेळा फोन लावला. चारही वेळा मुनिमांनी कापला, कारण कलेक्टरचा बंगला कुठं बांधायचा हा मुद्दा ऐन रंगात आला होता. शेवटी केवळाबाईनं सिद्धम्माच्या कमरेच्या पिशवीतलं योजनेचं कार्ड काढून टँकरवाल्यापुढं धरलं. "लाव रं बाबा ह्यो नंबर."

बिराजदार मॅडमनी तिकडून भराभर सांगितलं. शुद्धीवर असेल तर तोंडात साखर घाला, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरा, गाडी पाठवते. गाडी आली. लातूरच्या डॉक्टरांना सगळं आधीच कळवलेलं होतं.

दवाखान्यात गोळ्यांची पिशवी उघडली तेव्हा उलगडा झाला. साखरेची गोळी एकच, नावं दोन, डॉक्टर दोन. तीन महिने बाई दोन्ही गिळत होती आणि साखर पार तळाला जात होती. का, तर नवऱ्यानं सांगितलं होतं, मॅडमला सगळं ठाऊक हाय, तू गुमान घे. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण तासभर उशीर झाला असता तर मुनिमांच्या घरचा दिवा विझला असता, आणि विझवणारे मुनीमच असते.

मुनीम संध्याकाळच्या एसटीनं पोचले.

"डॉक्टर दोन होते?" मॅडमनी विचारलं.

"हाव."

"चक्कर येत होती?"

"हाव."

"मला का नाही सांगितलं?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मुनिमांना 'हाव' म्हणता येईना.

आता फोन सिद्धम्माच्या नंबरावर येतो. ती दार लोटून अर्धा तास बोलते, मधूनच हसतेही. (लग्नाला चौतीस वर्षं झाली, मुनिमांना ते हसणं नवंच होतं.) मॅडमनी तिला विचारून विचारून नवा कागद केला आणि तो फडताळाच्या दाराला चिकटला. डॉक्टर एक, गोळ्या तीन, तपासणी दर महिन्याला. अडीनडीला संपर्क: केवळाबाई.

"नवरा जिता असताना केवळाबाई?" मुनीम म्हणाले.

"ती फोन उचलती."

"अन् माझं नाव कुठंच न्हाई?"

"हाय की," सिद्धम्मा भाकरी थापत म्हणाली. "खाली बघा, पथ्यात."

मुनिमांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पथ्याच्या रकान्यात गूळ होता, उपास होता, आणि त्याखाली मॅडमच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मालकांचा सल्ला.