माळवदावरचा वर्ग

वैजनाथअप्पा ऑनलाइन तासाला बसत तेव्हा मोबाइल खुर्चीवर असे आणि अप्पा सतरंजीवर. खुर्ची लाकडी, हाताची, घरातली एकमेव. तिच्यावर उशी, उशीला टेकवलेला मोबाइल आणि त्याला ऊन लागू नये म्हणून खुर्चीच्या पाठीला बांधलेली छत्री. अप्पा मात्र उन्हात. मी कारण विचारलं. अप्पा म्हणाले, "सर खाली आन् आपण वर, हे रीतसर न्हाई."

रीतसर हा अप्पांचा लाडका शब्द. जळकोटात त्यांचं किराणा दुकान आहे. तिथे पुडीचा दोराही रीतसर गुंडाळला जातो. साथ आली तेव्हा रोज पूजेनंतर कपाळाला भस्म आणि लगेच तोंडाला मास्क, असा क्रम त्यांनी ठरवला आणि तो कधी मोडला नाही. वय अठ्ठावन्न. मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहतो आणि एका दैनिकाला बातम्या पाठवतो, म्हणून ते मला 'पत्रकार' म्हणतात.

खरं तर अप्पांना शिकायचं नव्हतं. शिकायचं होतं त्यांच्या पत्नीला, महादेवीअक्कांना. बारावीनंतर लग्न झालं आणि पुढचं राहून गेलं. मुलगी नांदेडला सासरी गेल्यावर अक्कांनी मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज आणला. अभ्यासकेंद्र उदगीरला, तास रविवारी. एकटीला एसटीने कसं पाठवायचं, हा अप्पांचा पहिला प्रश्न. सोबत गेलं तर दिवसभर केंद्राबाहेर टपरीवर बसणं बरं दिसेल का, हा दुसरा. शेवटी त्यांनीही अर्ज भरला. त्यांचीही बारावी झालेली होती, तिसऱ्या खेपेला. अक्कांनी तेव्हाच बजावलं, "नापास झालात तर मी वळख दाखवणार न्हाई."

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा अक्का मुलीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेल्या. पहिलटकरीण माहेरी यायची, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. चार दिवसांनी सगळं बंद झालं, जिल्ह्याच्या हद्दीवर अडथळे लागले. नात झाल्याचा निरोप जावयाने फोनवर दिला. अक्का फोनवर फारशा येत नसत. जावयाच्या घरात, विहीणबाईंच्या समोर बसून नवऱ्याशी बोलत बसायचं म्हणजे त्यांना शरमल्यासारखं होई. जेवलात का, हाव, मग ठेवू का, ठेव. एवढंच बोलणं. व्हिडिओ कॉलचं तर नाव नको.

पुढे तास मोबाइलवर सुरू झाले. रेंज फक्त माळवदावर, पाण्याच्या टाकीजवळ. सगळं जोडून द्यायला अप्पांनी मला वर बोलावलं आणि एकच मागणी केली. वर्गातले समदे एकदम दिसले पाहिजेत. मी तसं करून दिलं. त्यामुळे सर टपाल तिकिटाएवढे झाले. सरांना खुर्ची देणाऱ्या माणसाला याचं काहीच वाटलं नाही, याची मी तेव्हा नोंद घेतली नाही.

हजेरीला अप्पा उभे राहत. वर्गाला त्यांचं फक्त धोतर दिसे आणि कोणीतरी हटकून म्हणे, सर, धोतर हजर आहे. तासाआधी ते खुर्चीसमोर चहाचा कप ठेवत, "घ्या सर" म्हणत आणि तास संपल्यावर गार झालेला चहा स्वतः पीत. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं की साखरेचा भाव वाढला तर गिऱ्हाईक काय करतं. अप्पा म्हणाले, "शिव्या देतं, सर. पन साखर नेतंच."

शेजारच्या माळवदावरून बायका विचारत, अप्पा, गृहपाठ झाला का? अप्पा खुर्चीवरची उशी झटकत. एका रविवारी पहाटेपासून वीज नव्हती, तर त्यांनी ओळखीच्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून आणला. तास एकही चुकला नाही. पुस्तक मात्र मी त्यांच्या हातात क्वचितच पाहिलं.

एका रविवारी बातमी पाठवायला मीही टाकीजवळ उभा होतो. आवाज तुटायला लागला. सर म्हणाले, सगळ्यांनी आपापले कॅमेरे बंद करा, माझा तेवढा चालू राहील.

अप्पा उभे राहिले. "सर, हे रीतसर न्हाई."

"अप्पा, मी आहे की समोर."

"तुम्ही हायेत, सर. पन..." एवढं बोलून ते खाली बसले.

मी पहिल्यांदा त्या मोबाइलकडे नीट पाहिलं. एकेक चौकट काळी होत गेली. सर आणि अप्पा सोडले तर खालच्या ओळीतली एक तेवढी राहिली. डोक्यावर पदर, पुढ्यात वही, मांडीवर तान्हं मूल. अक्कांनी मूल थोडं उचलून मोबाइलकडे वळवलं होतं.

सर पुन्हा म्हणाले की दोन विद्यार्थ्यांचे कॅमेरे अजून चालू आहेत. अप्पा हलले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्रकार, छत्री जरा अलीकडं घ्या. उजेडानं दिसंना गेलंय."

मी छत्री सरकवली. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही, ते शिकवू लागले. अप्पा पुढे झुकले. आपला आवाज साऱ्या वर्गाला ऐकू जातोय याचं त्यांना भान नव्हतं.

"जेवलीस का?"

 काळ्या चौकटींतून कोणीतरी हसलं. अक्कांनी पदर सारखा केला आणि त्या वर्षात पहिल्यांदाच वर्गात तोंड उघडलं.

"तास चालू हाय. पुढं बघा."

"पुढंच बघून राहिलो," अप्पा म्हणाले.