चारशे दोनचा गोलकीपर

टोरांटोचा दोन वर्षांचा प्रोजेक्ट संपवून आमोद वारज्याला परतला, तो रस्त्यावरच्या हॉकीचं वेड आणि गोलकीपरचं सगळं सामान घेऊन. रविवारी ऑफिसातले पाचजण सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला येणार होते. नम्रतानं नवऱ्याच्या पायांना उशीएवढी पॅड बांधली, छातीवर कवच चढवलं, जाळीच्या हेल्मेटचा पट्टा मागून आवळला. हातमोजे इतके जाड, की लिफ्टचं बटण त्याला कोपरानं दाबावं लागलं. दात शाबूत राहावेत म्हणून तोंडात रबरी गार्ड होता.

खाली लिफ्टच्या दारातच सेक्रेटरी देवधर उभे होते. गच्चीवर टाकीखाली मधमाश्यांचं पोळं लागलं होतं. ते काढणारा माणूस दहाला येणार होता आणि दहाच वाजले होते. आमोदला इमारतीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

"वेळेवर आलात. पुण्यात असं होत नाही," म्हणत देवधर आत शिरले आणि त्यांनी सर्वांत वरचं बटण दाबलं.

"अहो, ई हॉहीहा गोलहीहर," आमोद म्हणाला.

"काय ते पोळ्याला सांगा."

गच्चीवर त्याला पुढे घालून देवधरांनी दार आतून लावून घेतलं. आमोदनं स्टिकनं दार ठोठावलं.

"दार नाही, पोळं पाडायचंय," आतून उत्तर आलं.

त्या आवाजानं माश्या उठल्या. पॅड भक्कम होती, कवचही भक्कम होतं. हेल्मेटची जाळी मात्र चेंडू अडवण्यापुरतीच होती.

पाच मिनिटांनी पोळं काढणारा, खडकवासल्याचा कोंडीराम आला. अंगात बनियन, हातात धुमसती गोवरी. त्यानं धूर करून आमोदला आत ओढलं.

"एवढं समदं घातलंय आन् नाक तेवढं उघडं हाय," तो म्हणाला.

हेल्मेट उतरलं, तोंडातला गार्ड निघाला. देवधर त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "आपण कोण?"

"चारशे दोन. गोलकीपर."

"मग आधी बोलायचं."

असं म्हणाले खरे, पण त्यांना वाईट वाटलं. आमोदचा एक डोळा पार मिटला होता आणि गोलकीपरच नाही म्हणून खाली मित्र परत निघाले होते. अडुसष्ट वर्षांचे, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले देवधर स्वतःच्या पायांना पॅड बांधू लागले.

खेळ साडेबारापर्यंत चालला. चेंडू नऊ वेळा आत गेला, पण गोल एकही झाला नाही. एक रेषेवर होता, दोन पूर्वसूचनेशिवाय मारले होते आणि उरलेले सहा देवधरांनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घेतले.