थ्री एल्म्सचे दोन मतदार

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये राहून कॅनडाचा कायदा पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी नाना उकिडवे.

कायदा तेव्हा असा होता, की पश्चिमेकडे मतदान चालू असताना पूर्वेकडचे निकाल तिकडच्या लोकांना सांगायचे नाहीत. कॅनडा एवढा रुंद, की एका टोकाला पेट्या उघडतात तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक अजून ऑफिसातून घरी यायचे असतात. हा नियम इथल्या, हॅम्पशरमधल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनला लागू नाही, हे कुणीही सांगेल. मीही सांगितलं. तिकडे मतदान होतं त्या संध्याकाळी मी सहज त्यांचं दार वाजवलं, तर नानांनी रेडिओची वायर काढून ठेवलेली, फोनचा रिसीव्हर बाजूला ठेवलेला आणि कानात कापूस.

"अहो नाना, तिकडे आत्ता दुपार आहे. पूर्वेकडचंसुद्धा मतदान संपलेलं नाही."

"म्हणून तर," नाना म्हणाले. "आत्तापासून जपलेलं बरं."

कापसातून त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं, हा विषय मी काढला नाही.

नानांची आणि माझी ओळख झाली तीच माझ्या अज्ञानातून. २००४ साल. पुण्याहून मी वर्क व्हिसावर नुकताच आलो होतो. बायको, म्हणजे मेघना, मागून यायची होती, त्यामुळे मराठी ऐकू येईल तिथे मी थांबायचो. कुंपणापलीकडे हिरव्या स्वेटरमधले एक गृहस्थ गुलाबांना पाणी घालत काहीतरी पुटपुटत होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "यंदा नारिंगी वर येणार असं दिसतंय."

मला वाटलं, चला, आपला प्रांत आला. मी युती काढली, आघाडी काढली, आमच्या वॉर्डातले बंडखोर काढले, कुणाचा भाचा कुणाला फितूर झाला तेही सांगितलं. नाना झारी हातात धरून शांतपणे ऐकत होते. एका गुलाबाच्या बुंध्याशी तर तळं झालं. मी दम घ्यायला थांबल्यावर म्हणाले, "तुझा अभ्यास चांगला आहे. पण सॅस्कॅचवानला यातलं काही लागू होत नाही."

सॅस्कॅचवान हा कॅनडातला एक प्रांत आहे, हे मला घरी जाऊन शोधावं लागलं.

पक्षांची खरी नावं नाना कधी घेत नसत. लाल, निळे आणि नारिंगी, एवढंच. आणि मतदारसंघ एकच. थ्री एल्म्स. गव्हाच्या शेतांमधलं एवढंसं गाव. नाना तिकडे कधीही गेलेले नव्हते, पण बोलताना 'आमच्याकडे' म्हणायचे. "आमच्याकडे यंदा गहू उशिरा येणार." "आमच्याकडे लालवाल्यांना उमेदवार मिळत नाही रे, जो मिळतो त्याला भाषण येत नाही." इथल्या लोकांना हे कळायचं नाही. एकदा काउन्सिलच्या निवडणुकीत प्रचाराला आलेला एक सुटातला मुलगा नानांच्या तावडीत सापडला. त्याला बिचाऱ्याला फक्त कचऱ्याच्या बिन आठवड्याला उचलाव्यात की पंधरवड्याला, एवढंच बोलायचं होतं. तो बाहेर पडला तेव्हा त्याने दोन वेळा पोहे खाल्लेले होते आणि कॅनडाच्या गवताळ मैदानांतल्या शेतकऱ्यांच्या मालवाहतुकीच्या अडचणी त्याला तोंडपाठ होत्या.

"घरात मतं फुटलेली आहेत," नाना मला अभिमानाने सांगायचे. "मी लाल. आमची ही नारिंगी. दोघांची मतं वाया. जिंकतात निळेच."

'आमची ही' म्हणजे शालनकाकू. मी इथे येण्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या. पण नानांच्या हिशेबी त्यांचं मत शाबूत होतं.

तरुणपणी नानांना दोन ठिकाणी नोकरी मिळत होती. एक थ्री एल्म्सच्या पाणीपुरवठ्यात, दुसरी बेसिंगस्टोकला, जिथे तेव्हा नवे रस्ते आखायचं काम जोरात होतं. काकूंना कॅनडाला जायचं होतं. नानांनी बेसिंगस्टोक निवडलं. "इंग्लंड वाटेत पडतं," हे त्यांचं कारण. कशाच्या वाटेत, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. इथले दोन-तीन राउंडअबाउट त्यांच्या हातून कागदावर उतरलेले आहेत. मेघना ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाली ती त्यांतल्याच एकावर, आणि तेव्हापासून शेजारधर्म म्हणून गप्प आहे.

तर नाना-काकूंच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधार पडायला लागला तेव्हा, काकूंनी एक खेळ काढला. आपण तिकडे असतो तर आज काय केलं असतं? मग पोस्टाच्या मागच्या गल्लीत एक पिवळं घर घेतलं गेलं. अंगणात कढीपत्ता लावला गेला आणि थंडीने मेला. लायब्ररीतल्या जुन्या पेपरांतून उमेदवार कळायचे, त्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत भांडण. नाना लाल, कारण लालवाल्यांचे टाय नीट बांधलेले असतात. काकू नारिंगी, कारण नारिंगीवाले गावात फुकट दवाखाना द्यायचं म्हणतात. एका संध्याकाळी काकूंनी अट घातली, "माझे नारिंगी जिंकले की मला थ्री एल्म्स दाखवायला न्यायचं." नाना म्हणाले, मान्य. ती जागा म्हणजे निळ्यांचा किल्ला, त्यामुळे ते निर्धास्त होते.

काकू गेल्या. नारिंगी जिंकायचे राहिले. शब्द मात्र दिलेला होता. थ्री एल्म्समध्ये नारिंगी निवडून आले की त्याच दिवशी निघायचं, त्याआधी नाही, हे नानांचं पक्कं.

"नाना, असंच जाऊन या की एकदा," मी एकदा म्हटलं.

"न जिंकता?" नाना म्हणाले. "आणि तिला काय सांगू?"

या माणसाला वेड लागलंय असं मी ठरवलं होतं. पण एका नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला गेलो आणि माझीच पंचाईत झाली. धुकं एवढं, की दिव्याचे खांब अर्ध्यातच संपत होते. नाना काठीने दाखवत चालले होते. "हे डावीकडे पोस्ट. इथे पीटरसनबाई असतात, त्यांच्या कुत्र्याला नमस्कार केल्याशिवाय त्या तिकीट देत नाहीत. आणि ते समोर धान्याचं कोठार." मी वर पाहिलं. एरवी तिथे बहुमजली कार पार्क आहे. त्या सकाळी तिथे कोठार होतं. करडं, उंच, वरचं टोक धुक्यात गेलेलं. कुठूनतरी ओल्या गवताचा वास येत होता. पुढचा थोडा वेळ मी कुठे होतो कुणास ठाऊक. समोरून एक बाई कुत्रा घेऊन आल्या, तर मी थांबून आधी कुत्र्याला हात जोडले आणि मग म्हणालो, "मॉर्निंग, मिसेस पीटरसन." त्या आमच्याच ऑफिसच्या पेरोलमधल्या होत्या. महिनाभर त्या मला कॅन्टीनमध्ये टाळत होत्या.

त्या वर्षांत कॅनडात एकामागून एक अल्पमतातली सरकारं येत होती. सगळे काळजीत. नाना खूश. "स्थिर सरकार आलं की माणसाला चार वर्षं बोलायला काही राहत नाही," ते म्हणायचे. "अल्पमत कसं, आज आहे उद्या नाही. पुन्हा पेट्या, पुन्हा भांडण."

२००८च्या ऑक्टोबरात पुन्हा पेट्या आल्या. इकडे बँका कोसळत होत्या, आमच्या ऑफिसात रोज कुणाला तरी मीटिंग रूममध्ये बोलावत होते, आणि मी प्रिंटरवर चोरून सॅस्कॅचवानच्या स्थानिक पेपराची पानं काढत होतो. कारण नानांकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि यंदा थ्री एल्म्समध्ये काहीतरी शिजत होतं.

"नारिंगींनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना उभं केलंय," नाना कुजबुजले. "मतदारसंघात एक गाय अशी नाही जी त्यांना ओळखत नाही."

"गाईंना मत असतं का नाना?"

"गाईंच्या मालकांना असतं. निळे हादरलेत."

नाना स्वतः लाल, पण त्या महिन्यात त्यांनी लालवाल्यांचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांची झोप उडाली होती. मला वाटलं, आनंदाने.

निकाल सांगायचं काम माझ्याकडे होतं. पहाटे आमचं बाळ उठलं, म्हणून मीही उठलो, लॅपटॉपवर थ्री एल्म्सचं पान उघडलं. नारिंगी पुढे. मी झाकण मिटलं, बाळाला थोपटलं, आणि सकाळी तोच लॅपटॉप काखेत घेऊन नानांकडे गेलो. शिऱ्याचा वास येत होता. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी ते शिरा करतात, निकाल काहीही लागो.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी चष्मा पुसला आणि एकेक आकडा बोटाने वाचला.

"सगळ्या पेट्या मोजून झाल्या?"

"झाल्या की," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते विचारू नका. "काकू जिंकल्या, नाना."

मी टाळीसाठी हात पुढे केला. तो तसाच राहिला. नाना खुर्चीत मागे टेकले. मग उठून पॅसेजमध्ये गेले. तिथे दोन खुंट्यांवर दोन कोट असायचे. आजवर मी दोन्ही त्यांचेच समजत होतो. त्यांनी आतला काढला. मरून, जाड, बायकी कोट, कॉलरची घडी दुकानातल्यासारखी.

"सेलमध्ये घेतला होता तिने. थ्री एल्म्सच्या थंडीसाठी. इथे कधी घातला नाही, म्हणायची, या थंडीला एवढा कशाला." त्यांनी बाहीवरची धूळ झटकली. "आता जायला हवं."

"मग जा ना. मी तिकीट बघतो."

"हो, बघ." त्यांनी कोट आणून खुर्चीवर ठेवला. "अरे, पण तिथे गेलो आणि पोस्टाच्या मागे गल्लीच नसली तर? ती इतकी वर्षं राहतेय तिथे."

मी शिरा खाल्ला आणि ऑफिसला गेलो.

दिवसभर दुसऱ्यांना फोनवर 'एकदा रिफ्रेश करून बघा' असं सांगणं, हा माझा व्यवसाय आहे. कंपनी मला त्याचा पगार देते. त्या दिवशी पहिलाच फोन ठेवता ठेवता मी माझाच लॅपटॉप उघडला. लॅपटॉपवर पहाटेचंच पान होतं. मी बटण दाबलं. निळे. थोडक्यात, पण निळेच.

मॅनेजरला डेंटिस्टचं कारण सांगून मी निघालो. नानांचं दार उघडं होतं. लॉफ्टमधली जुनी सूटकेस त्यांनी एकट्याने खाली आणायला काढली होती आणि जिन्यात मध्यावर ते आणि सूटकेस दोघंही अडकले होते. मी खालून धरली. तशीच धरून सांगितलं. पान जुनं होतं, मी मूर्ख आहे, निळे आले.

नाना जिन्याच्या पायरीवर बसले.

"थोडक्यात?"

"अगदी थोडक्यात. शेवटच्या काही पेट्यांत गेली."

आता हे रडणार, किंवा मला घालवून देणार, असं वाटून मी सूटकेसचं हँडल आणखी घट्ट धरलं. वर पाहिलं तर नानांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. परीक्षेचा पेपर पुढे ढकलल्याची नोटीस वाचणाऱ्या पोरासारखा.

"आणि वरती? सरकार?"

"निळ्यांचंच. पण बहुमत नाही."

"अल्पमत?"

"अल्पमत."

"मग टिकत नाही ते," नाना म्हणाले, आणि आम्ही दोघांनी मिळून सूटकेस खाली आणली. परत वर न्यायची का, असं मी विचारलं. नको म्हणाले, जिन्याखाली राहू दे, लागेल केव्हातरी. मग त्यांनी खुर्चीवरचा मरून कोट उचलला, आतल्या खुंटीवर अडकवला, आणि त्याची कॉलर सारखी करत हलक्या आवाजात म्हणाले, "थोडक्यात गेली गं, शालन. त्या गाईवाल्या बाई चांगल्या होत्या, मी कबूल करतो. पण टाय नीट बांधणाऱ्याला तुम्ही उभं करत नाही, हेच तुमचं चुकतं."

पुढचं भांडण बराच वेळ चालणार होतं. मी दार ओढून घेतलं.

बाहेर यंदाचं धुकं अजून उतरलेलं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं. ऑफिसला परत जाताना मी पोस्टापाशी वळलो, आणि धान्याचं कोठार उजव्या हाताला ठेवून सरळ चालत राहिलो.