ट्रोल्नेसच्या नावाचा छडा

"पोलीस चोर पकडतात, मी शब्दांच्या मुसक्या बांधतो," अशी स्वतःची ओळख ऑड्वार हेल्लेसुंड करून देत असे. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो स्कार्व्हॉय बेटावरचा एकमेव नामशोधक गुप्तहेर होता. दुसरा कुणी नव्हता, कारण बाकीच्यांना कामं होती. सहायक म्हणून बायको राग्ना होती. ही नेमणूक तिला न विचारताच झाली होती.

या वेळचं प्रकरण मात्र राग्नाच्या मुळावर आलं. ट्रोल्नेसच्या टोकावर बोटीसाठी नवा धक्का बांधायचा होता. जुना पार कुजलेला. नवा झाला नाही तर बोट बंद. बोट बंद म्हणजे पलीकडच्या गावातली गुरुवारची गानमंडळी बंद, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस नुसता ऑड्वार.

"तिथे फावडं लावू देणार नाही!" ऑड्वार गरजला. "‘नेस’ म्हणजे टोक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ‘ट्रोल’?"

"राक्षस. डोंगरातले. तेही शेंबड्या पोराला कळतं."

"म्हणूनच ते चूक! थोर अधिक हॉल. थोरहॉल, थ्रोल, ट्रोल. गडगडाटाच्या देवाचं मंदिर!"

"तूच थोर आहेस," राग्ना म्हणाली.

आठवडाभरात मंदिराचं थडगं झालं, थ्रूल राजाचं. असा राजा कुठल्याही इतिहासात नव्हता, यावरूनच त्याला किती गुप्तपणे पुरलं असेल हे ऑड्वारने ताडलं. पुरावेही सापडले. चौकोनात मांडलेले दगड, जळकी लाकडं, मेंढीची हाडं.

"बळी!"

"उन्हाळ्यातली शेकोटी. आणि ती हाडं तूच चोखलीस."

"सहायकाने मध्ये बोलू नये."

त्याने वर तक्रार केली आणि पुरातत्त्वाच्या अधिकारी इंगेलिन फोस बेटावर आल्या. चौकोनी दगड बघून त्या गंभीर झाल्या. "पायाच दिसतोय. जुना निघाला तर काम थांबवावं लागेल."

राग्नाने सरळ बाईंचा हात धरला आणि टोकाजवळ राहणाऱ्या बॉर्ग्नीमावशीच्या अंगणात नेलं. ऑड्वार मागोमाग आला आणि बाकड्यावर ऐसपैस बसून त्याने थ्रूल राजाचा पाढा वाचला.

नव्वदीची मावशी इतकी हसली की कवळी सावरावी लागली.

"मेल्या, हेरिंग मासळीची पिंपं तपासायची शेड होती ती! सरकारी साहेब नाक दाबून बसायचा. भिंतीवर ही लांब फळी, तपासणीचं ‘कोन्ट्रोल’ लिहिलेली. दार रुंद करताना आमच्या ह्यांनी निम्मी कापली. उरलं ‘ट्रोल’. बोटीतून तेवढंच दिसायचं, म्हणून लोक म्हणायला लागले ट्रोल्नेस."

"आणि ‘कोन’?" फोसबाईंनी विचारलं.

"त्यावर हा बसलाय."

राग्नाने नवऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि बाकडं उलटं केलं. फळीच्या पोटाशी ‘कोन’ची पांढरी अक्षरं अजून शाबूत होती. फोसबाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच.

"धक्का होऊ दे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "नावही राहू दे, लोकांना सवय झालीय."

घरी जाताना राग्ना खुल्या गळ्याने गात होती. मागून ऑड्वार मान खाली घालून चालला होता. वळणावर तो थबकला.

"‘कोन्ट्रोल’ हा आपला शब्दच नाही. फ्रेंचांकडून आलाय." त्याचे डोळे लकाकले. "राग्ना! म्हणजे या बेटावर फ्रेंचांची स्वारी झाली होती!"

राग्नाने पुढचं कडवं वरच्या पट्टीत घेतलं.